क्षयजंतूचे मेणचट कवच

क्षयाच्या संशयित रुग्णाचा बेडका प्रयोगशाळेत आला, की काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरतात. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून आच देतात आणि मग पट्टी सल्फ्युरिक आम्लाने धुतात. बहुतेक जीवाणूंचा रंग या धुण्यात निघून जातो. क्षयाचा जीवाणू मात्र लालच राहतो. शेवटी मिथिलीन ब्लू टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये या जीवाणूचा शोध जाहीर केला. त्यानंतर थोड्याच काळात एर्लिख, झील आणि नीलसन यांच्या हातून ही पद्धत आकाराला आली. आम्लालाही दाद न देणारा हा हट्टीपणा येतो तो जीवाणूच्या पेशीभित्तिकेतून. क्षयाचा उपचार इतका लांब का चालतो, याचेही बरेचसे उत्तर तिथेच आहे.

जीवाणूला भित्तिका मुळात लागते कशाला? पेशीच्या आत क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थ दाटीने असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. नुसते पातळ पटल त्या दाबाने फुटून जाईल. तो दाब पेलते पेप्टिडोग्लायकॅनची जाळी. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक जोडून लांब धागे तयार होतात आणि अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या हे धागे एकमेकांना आडवे जोडतात. पेनिसिलीन नेमके हे आडवे जोड रोखते. माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसल्याने त्यांना या औषधाची झळ लागत नाही.

क्षयजंतू एवढ्या जाळीवर थांबत नाही. जाळीच्या बाहेर अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करांच्या शाखांचा थर असतो आणि त्या शाखांच्या टोकांना मायकोलिक आम्ले जडलेली असतात. आपल्या खाण्यातल्या तेला-तुपातील मेदाम्लांच्या साखळीत बहुधा १६ ते १८ कार्बन अणू असतात, तर मायकोलिक आम्लांत ६० ते ९०. या लांबलचक साखळ्या शेजारी-शेजारी घट्ट बसून मेणासारखा बाह्यथर तयार होतो. तो दुपदरी पटलासारखा असल्याचे २००८ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले. मेणकापडावरून पाणी ओघळून जावे, तशी पाण्यात विरघळणारी अनेक औषधे या थरावर निष्प्रभ ठरतात. पेनिसिलीनचा तर दुहेरी पराभव होतो. हा जीवाणू ते तोडणारे विकर बाळगतो, शिवाय त्याच्या जाळीतले बरेचसे आडवे जोड वेगळ्या प्रकारचे असतात.

या कवचाची किंमत जीवाणूही मोजतो. अन्न आत यायला वेळ लागतो आणि एवढी मोठी आम्ले घडवायलाही खर्च येतो. उत्तम परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला साधारण २० तास लागतात. पण त्याला घाईही नसते. आपल्या पांढऱ्या पेशींनी गिळल्यावरही तो त्यांच्या पोटात तग धरतो, कारण कवचातील काही मेदद्रव्ये त्या पेशींची पचनयंत्रणा रोखून धरतात.

माणसाने शेवटी या कवचावरच नेम धरला. १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड मायकोलिक आम्लांची निर्मिती थांबवते, तर इथॅम्ब्युटॉल अरॅबिनोगॅलॅक्टनची बांधणी अडवते. मात्र बांधकाम रोखणारे औषध बांधकाम चालू असेल तिथेच परिणाम करते. फुप्फुसातले काही जीवाणू वाढ थांबवून सुस्त पडून राहतात. नवी भित्तिका बांधत नसल्याने ते आयसोनियाझिडच्या तडाख्यातून सुटतात. म्हणून सोबत रिफाम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड द्यावे लागते आणि या सुस्त जीवाणूंचाही निकाल लागेपर्यंत उपचार चालू ठेवावा लागतो. औषधांना दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयासाठी पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, हा क्रम त्यातूनच आला आहे.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, भूक लागते. वेगाने वाढणारे जीवाणू मेलेले असतात, सुस्त पडलेले अजून जिवंत असतात. गोळ्या तिथेच सोडल्या, तर रोग उलटतो. औषधे अनियमित घेतली, तर त्यांना न जुमानणारे जीवाणू तेवढे शिल्लक राहून वाढतात. तो क्षय बरा करणे कितीतरी अवघड असते आणि घरच्यांनाही तोच लागतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आणि उपचार सुरू झाला, की बरे वाटले म्हणून थांबू नका. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.