हात नाही, स्क्रू हलत होता



मी नरपडहून बोलते आहे. आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ताही नाही. आज आपल्या गटाच्या कॅमेऱ्याबद्दल थोडं बोलू या.

गेल्या लग्नसराईत आमच्या गटाने एका पाड्यावरच्या वारली लग्नाचं चित्रीकरण केलं. सवासिणींनी भिंतीवर चौक लिहिला, धवलेरी आजींनी गाणी म्हटली. गटातली एक ताई कॅमेऱ्याजवळ उभी होती. घरी येऊन बघतो तर काय, चित्र सारखं डुलतंय! वारा आला की चौक हलतो, कुणी जवळून चाललं की आजी हलतात. लगेच कुणीतरी बोललंच, “बायांचा हात थरथरतो. पुढच्या वेळी पोरांकडे द्या.” ती ताई काही बोलली नाही. पण पुढच्या दोन कामांना ती आलीच नाही.

अहो, कॅमेरा तर स्टँडवर होता! तिचा हात त्याला लागलाच नव्हता. चार दिवसांनी आम्ही सगळं सामान चटईवर मांडून पाहिलं, तेव्हा कळलं की कॅमेऱ्याखालचा एक स्क्रू ढिला होता. पण ते लग्न काही परत लागणार नव्हतं.

कुकरचा दांडा डुगडुगायला लागला तर आपण कुकर टाकून देत नाही, स्वयंपाक करणारीलाही बोल लावत नाही. स्क्रू आवळतो. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. फक्त कुठला सांधा ढिला आहे ते आधी शोधायचं.

स्टँडवर, म्हणजे ट्रायपॉडवर, तीन ठिकाणी हलायला जागा असते. पहिली, कॅमेरा आणि त्याच्या बुडाला लावलेली छोटी पट्टी यांच्यामध्ये. दुसरी, ती पट्टी आणि स्टँडचं डोकं यांच्यामध्ये. तिसरी, खालचे पाय.

आता तपासायचं कसं? एका हाताने पट्टी धरा, दुसऱ्या हाताने कॅमेरा हळूच डावीउजवीकडे फिरवून बघा. पट्टी जागेवर आणि कॅमेरा फिरतोय, तर मधला स्क्रू ढिला. पट्टीसकट कॅमेरा हलतोय, तर पट्टी डोक्यात नीट बसलेली नाही. डोक्यासकट सगळंच हलतंय, तर डोक्याच्या चाव्या नाहीतर पाय ढिले.

स्क्रू ढिला असेल तर कॅमेरा पट्टीसकट काढून मांडीवर घ्या. बऱ्याच पट्ट्यांच्या स्क्रूला खाच असते. तिच्यात एक रुपयाचं नाणं घालून आवळा. पक्कड लावू नका. जास्त जोर दिला तर कॅमेऱ्याच्या बुडातले आटे जातात, आणि ते काम मग महागात पडतं.

कधी कधी स्क्रू पूर्ण आवळला तरी कॅमेरा हलतोच. तेव्हा बहुधा स्क्रू भोकाच्या मानाने लांब असतो. तो आत तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं, पण पट्टी आणि कॅमेरा यांच्यामध्ये फट राहिलेली असते. आणखी पिळलं तर भोकाचा तळच फुटेल. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टीएवढा तुकडा कापा, मध्ये स्क्रूपुरतं भोक पाडा आणि तो पट्टीवर ठेवून कॅमेरा बसवा. फट भरते, पकडही बसते. मात्र तुकडा पातळच हवा. जाड रबर घातलं तर कॅमेरा गादीवर बसल्यासारखा हेलकावतो.

स्क्रू हरवला तर दुकानात काय मागायचं, तेही सांगते. बहुतेक कॅमेऱ्यांचं हे भोक जगभर एकाच मापाचं असतं. पाव इंच जाडी आणि एका इंचात २० आटे. आपले मिस्त्री पाव इंचाला दोन सूत म्हणतात. मोठ्या स्टँडच्या डोक्याखाली तीन सुताचा स्क्रूही असतो, त्याच्या एका इंचात १६ आटे. दुकानदार कधी ६ मिलिमीटरचा बोल्ट देतो. दिसायला सारखाच, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आट्यांमधलं अंतरही वेगळं. तो एक-दोन वेढे जातो, मग अडतो. तिथेच थांबा. जोर लावलात तर भोक बिघडेल.

पट्टी डोक्यात हलत असेल तर आधी बुरशाने रेती काढा. आमच्या किनाऱ्यावर तर ही पहिली तक्रार. पट्टी कधी उलटी बसलेली असते, कधी दुसऱ्याच स्टँडची असते. म्हणून प्रत्येक पट्टीवर आणि तिच्या स्टँडवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. पट्टी बसवल्यावर खटका पूर्ण लागला का, तेही बोटाने पाहा.

पाय हलत असतील तर मधला दांडा खाली घ्या. उंची हवी असेल तर आधी पायांचे वरचे, जाड भाग उघडा, बारीक भाग शेवटी. वारा असेल तर मधोमध रेतीची पिशवी लटकवा, पण तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर पिशवीच झोके घेईल. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पाय पुसा, मग कोरडे करा. खारं पाणी स्क्रू खातं.

कॅमेऱ्याच्या बुडातले आटेच गेले असतील तर गोंद किंवा एम-सील भरू नका, कारागिराकडे न्या. तोवर काम अडत नाही. जाड कापडाची थैली शिवा, आत प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ भरा, आणि स्टुलावर ती थैली ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवा. असा बसतो की बघत राहाल. शिवणकाम तर आपल्याला येतंच!

शेवटचं म्हणजे, कार्यक्रम सुरू होण्याआधी चित्र जवळ ओढा, स्टँडला बोटाने टिचकी मारा आणि दहा सेकंद चित्रीकरण करून बघा. चित्र लगेच स्थिर झालं तर ठीक. थरथरत राहिलं तर पुन्हा तीन सांधे तपासा.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ साली व्हिडिओ सेवा सुरू झाली. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायांनी तिथे कॅमेरा हातात घेतला. त्यांतल्या काहींना लिहितावाचताही येत नव्हतं. त्या शिकल्या, मग आपल्याला का नाही येणार?

आमची ताई परत आली आहे. आता कुठेही चित्रीकरण असलं की तीच आधी टिचकी मारते, आणि तिच्या कनवटीला एक रुपयाचं नाणं कायम असतं. तुमच्या गटातही कुणाच्या हाताला बोल लावण्याआधी तो स्क्रू एकदा बघा.