फिटरचा निळा रंग आणि उद्याची बॅटरी

चीता कॅम्प, गोवंडी, कुर्ला येथील कोणत्याही वर्कशॉपात जुना फिटर काम करताना पाहा. बेअरिंग बसवण्याआधी तो शाफ्टला निळा रंग लावून फिरवतो आणि बेअरिंगवर डाग उठेल तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडतो. हा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये लाल रंग बनवताना तो चुकून हाती लागला. लोखंडाचे अणू कार्बन व नायट्रोजनच्या दुव्यांनी जोडून त्याची पोकळ जाळी बनते. शास्त्रज्ञ अशा पदार्थाला को-ऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात.

या जाळीचा उपयोग आपल्या ट्रॉम्बेत फार पूर्वीपासून होत आला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील किरणोत्सारी सांडपाण्यातून सिझियम वेगळे काढण्यासाठी याच कुळातील कॉपर फेरोसायनाइडचा साका वापरला जातो. सिझियम जाळीत अडकते आणि साक्याबरोबर तळाशी बसते.

सोडियमची गोष्ट वेगळी. तो या जाळीत शिरतो आणि बाहेरही येतो. तो शिरला की जाळी इलेक्ट्रॉन घेते व निळा रंग फिका पडत पांढरा होतो. बाहेर पडला की पुन्हा निळा. ही ये-जा म्हणजेच बॅटरीचे चार्ज-डिस्चार्ज. चीनच्या सीएटीएल कंपनीने 2021 मध्ये अशा सोडियम बॅटरीची घोषणा करताना किलोमागे 160 वॅट-तासांचा दावा केला. शिशाची बॅटरी साधारण 30 ते 40 देते. शिवाय यात कोबाल्ट लागत नाही. पुण्यात केपीआयटी कंपनीनेही 2023 मध्ये आयसर संस्थेच्या साथीने सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले.

साखर मोजण्याच्या अनेक पट्ट्यांत फेरिसायनाइड असते. हाच या रंगाचा एक कच्चा माल. रक्तातील साखरेनुसार ते इलेक्ट्रॉन घेते आणि यंत्र तो प्रवाह मोजते.

हे सारे आमच्या व्यापारी बांधवांना सांगण्याचे कारण काय? इन्व्हर्टर व ई-रिक्षाच्या शिशाच्या बॅटऱ्यांवर अनेक घरांची रोजी चालते. ती बाजारपेठ उद्या बदलू शकते. तरीही घाईने भांडवल गुंतवू नये, असे आमचे मत आहे. जाळीत पाणी राहिले तर बॅटरी बिघडते आणि ते काढणे खर्चाचे असते. याच रंगाच्या बॅटऱ्या बनवणारी अमेरिकेतील नॅट्रॉन कंपनी 2025 मध्ये बंद पडली.

भंगार घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 2022 चे बॅटरी कचरा नियम सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. दुसरे, हा रंग एरवी निरुपद्रवी असला तरी तीव्र आम्लात तापवल्यास विषारी सायनाइड वायू सुटतो. शिसे वितळवण्याच्या सवयीने नवी बॅटरी भट्टीत टाकू नये. धंदा आज ना उद्या बदलेल, पण त्या चुकीला दुसरी संधी मिळणार नाही.