कोल्हापुरी मागवली, रेक्झिन आलं

कोल्हापुरात चप्पल लाईनीत गिऱ्हाईक आधी पायताण हातात घेतं. तळ वाकवून बघतं, शिवण नखानं दाबून बघतं, आणि मग भावाचं बोलणं सुरू होतं. ऑनलाइन खरेदीत पैसे आधी जातात, वस्तू मागून येते. दुकानात पारखून घेण्याचा जो हक्क आपोआप मिळतो, तो इथे पार्सल उघडल्यावर बजावावा लागतो, आणि तोही मुदतीत. हक्क असूनही पैसे बुडतात ते बहुधा मुदत निघून गेल्यामुळे.

समजा, ठाण्यातल्या एका बाईंनी एका मार्केटप्लेसवरून ‘अस्सल कातडी कोल्हापुरी’ अशी जाहिरात बघून 1,800 रुपयांचा जोड मागवला. आलेल्या चपलेच्या पट्ट्याची कापलेली कड त्यांनी उजेडात धरली. कातड्याची कड आतपर्यंत तंतूंची असते. इथे वर चकचकीत थर आणि खाली विणलेलं कापड दिसलं, म्हणजे रेक्झिन. शिवण कातड्याच्या वादीची नव्हती, तळाला खिळे ठोकलेले. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचं ते नाव आहे. तेव्हा या बाईंची तक्रार ‘आवडली नाही’ या सदरात बसत नाही. ती ‘जाहिरातीप्रमाणे माल नाही’ या सदरात बसते, आणि पुढचा सगळा फरक याच वाक्यानं पडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खालचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 मध्ये लागू झाले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर उशिरा आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अशा वेळी ‘नो रिटर्न’ची पाटी चालत नाही. (उशीर विक्रेत्याच्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी.) पण माप चुकलं, रंग मनात भरला नाही, तर तिथे विक्रेत्याचं धोरण लागू होतं. म्हणून तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहावं: जाहिरातीत ‘कातडी’ लिहिलं होतं, आलेला माल रेक्झिनचा आहे. ‘क्वालिटी खराब’ एवढंच लिहिलं की समोरच्याला पळवाट मिळते.

तक्रार आधी ॲपवरच करावी, फोनवर नाही. नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. तक्रारीला क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्यावा, कारण वाद सुरू झाला की ते पान बदलू शकतं किंवा नाहीसं होऊ शकतं. पार्सलवरचा पत्ता दिसेल असा, उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तर फारच बरं.

या काळात पैसे कुठे असतात, हेही समजून घ्यावं. मार्केटप्लेसवर कार्डानं किंवा यूपीआयनं भरलेली रक्कम थेट विक्रेत्याच्या हातात पडत नाही. मधे पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन विक्रेत्याला पोचवणारा मध्यस्थ असतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला ती रक्कम बँकेतल्या एस्क्रो, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात ठेवावी लागते. बहुतेक मार्केटप्लेस डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी विक्रेत्याचा हिशोब करतात. तोवर तक्रार पोचली तर पैसे अडवणं सोपं जातं. त्याच नियमांत असंही आहे की, ग्राहकानं दुसरं काही मान्य केलं नसेल तर रिफंड ज्या मार्गानं पैसे भरले त्याच मार्गानं द्यायचा. कूपन किंवा वॉलेट बॅलन्स गळ्यात मारलं जात असेल तर ‘मान्य’ दाबण्याआधी थांबावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये ओला या टॅक्सी कंपनीला नेमकं हेच बजावलं: कूपन की बँक खात्यात पैसे, ही निवड प्रवाशाला द्या.

‘रिफंड केला’ असा मेसेज येतो आणि खात्यात काही दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी कंपनीकडून त्या रिफंडच्या व्यवहाराचा नंबर मागावा. कार्ड असेल तर एआरएन, यूपीआय असेल तर 12 आकडी यूटीआर. तो बँकेत दाखवला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. नंबर देताच येत नसेल, तर रिफंड अजून निघालाच नसण्याची शक्यता धरावी.

पेमेंटच मधे अडकणं ही वेगळी गोष्ट. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला पोचल्याची खूणच मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही न मागता. ती आपोआप मिळाली नाही तरी फार कमी लोक मागतात. मागावं.

विक्रेता आणि मार्केटप्लेस दोघंही दाद देत नसतील, आणि पैसे कार्डानं भरले असतील, तर आपल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागता येतात. बँक ही मागणी व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत विक्रेत्याच्या बँकेला पाठवते आणि विक्रेत्याला पुरावा द्यावा लागतो. व्हिसा-मास्टरकार्डात बहुतेक तक्रारींना साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘बघतो, करतो’वर महिने घालवू नयेत. यूपीआयनं दुकानदाराला पैसे दिले असतील तर ज्या ॲपवरून दिले, तिथेच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवता येते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448. मात्र लोकपाल बँकेची चूक तपासतो, चप्पल कातड्याची की रेक्झिनची हे तो ठरवत नाही.

इथे कोल्हापूरच्या छोट्या विक्रेत्याचीही बाजू मांडली पाहिजे. घरून, इन्स्टाग्रामवर चपला विकणाऱ्या कारागिराच्या मुलाला एक दिवस चार्जबॅकचा ईमेल येतो, आणि उत्तराला मोजके दिवस असतात. माल खरा असूनही कागद नसल्यामुळे तो हरू शकतो. पाठवण्याआधी जोडाचा फोटो, कुरिअरची पावती, डिलिव्हरीची नोंद, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं, एवढं प्रत्येक ऑर्डरला ठेवलं तर तोच पुरावा होतो. कातड्याचा रंग जोडागणिक थोडा वेगळा येतो, हेही आधीच जाहिरातीत लिहावं.

मोफत आणि सोपी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. 2019 च्या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद कलम 34 मधली: ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असो, कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो, गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापूरच्या आयोगात दाद मागता येते. ठाण्याच्या बाई ठाण्यात जातील, आणि विक्रेता कोल्हापूरचा असेल तर त्याला तिथे उत्तर द्यावं लागेल. सुनावणी व्हिडिओवर मागता येते. भरलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. 1 जानेवारी 2025 पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जायला हवं. तपासणीची गरज नसेल तर 3 महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरूनच उतरावं.

विकण्यासाठी घाऊक माल घेतला असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही सहसा ग्राहक नाही. कुणा व्यक्तीची घरातली जुनी वस्तू घेतली असेल, तर ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. आणि अनोळखी माणसाच्या खाजगी क्यूआरवर पैसे पाठवले नि तो गायब झाला, तर ती फसवणूक आहे. ताबडतोब 1930 ला फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी ती गोठवणं सोपं असतं. रिफंडच्या नावाखाली पिन टाकायला सांगणारा चोरच असतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. कस्टमर केअरचा नंबरही सर्च करून शोधू नये, कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा.

आयोगाकडच्या अर्जात नुसती किंमत मागून थांबू नये. किंमत, त्यावरचं व्याज, मनस्तापाची भरपाई आणि अर्जाचा खर्च, असं चारही वेगवेगळं मागावं. निकाल मिळूनही कंपनीनं पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. कलम 72 प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला 1 महिना ते 3 वर्षं कैद, किंवा 25,000 ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.