आतड्याच्या कॅन्सरची स्लाइड आणि एआय: रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

बायोप्सीत मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला की डॉक्टर बायोमार्कर तपासायला सांगतात. मनमाडच्या कुटुंबासाठी याचा अर्थ बहुधा नाशिकची किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलची आणखी एक फेरी. अशा वेळी 'आता एआय नुसती स्लाइड बघून सांगते' असे कानावर आले, तर वेगळी तपासणी हवीच कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ती तपासणी आजही हवीच. का, ते पाहू.

बायोमार्कर म्हणजे काय?

गाठीच्या पेशींमधल्या ज्या खुणांवरून कोणते औषध लागू पडेल हे ठरते, त्या खुणा म्हणजे बायोमार्कर. आतड्याच्या कॅन्सरमध्ये दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

- एमएमआर किंवा एमएसआय: पेशीत डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका काही प्रथिने दुरुस्त करतात. ही यंत्रणा बिघडली असेल, तर रिपोर्टमध्ये 'डीएमएमआर' किंवा 'एमएसआय-हाय' लिहिलेले असते. सुमारे १५ टक्के रुग्णांत असे आढळते. आजार शरीरात पसरलेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असते. पसरलेल्या आजारात अशा रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी केमोथेरपीपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकते.
- केआरएएस आणि एनआरएएस: या जनुकांत बदल असेल, तर सेटुक्सिमॅब हे महागडे इंजेक्शन एरवी उपयोगी पडत नाही.

डीएमएमआर कधी कधी आनुवंशिक असते. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसे निघाले तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. म्हणजे हा रिपोर्ट एकट्या रुग्णापुरता नसतो.

एआय स्लाइडमध्ये काय पाहते?

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. त्याचा अतिशय पातळ काप काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगाने रंगवतात. ही स्लाइड प्रत्येक रुग्णाची बनतेच. ती स्कॅन केली की संगणक त्या चित्राचे हजारो छोटे चौकोन करून पेशींची ठेवण तपासतो. डीएमएमआर गाठीत अनेकदा रोगप्रतिकारक पेशींची गर्दी आणि चिकट द्रव दिसतो. अशा खुणांवरून एआय अंदाज बांधते.

हे शक्य आहे, असे जर्मनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. २०२३ मध्ये १३,००० हून अधिक रुग्णांच्या माहितीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या ओवकिन कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरला युरोपात वापराची मान्यताही मिळाली आहे.

मग वेगळी तपासणी कशाला?

कारण एआय इथे चाळणीचे काम करते. 'या रुग्णात डीएमएमआर असण्याची शक्यता फार कमी' आणि 'याची पक्की तपासणी करा' अशी विभागणी ती करते. पक्के निदान मात्र इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रथिनांची तपासणी, किंवा पीसीआरसारख्या तपासणीने होते. केआरएएससाठी जनुकांचीच तपासणी लागते. तिथे स्लाइडवरचा अंदाज पुरेसा नाही.

शिवाय प्रत्येक लॅबचा रंग आणि स्कॅनर वेगळा असतो. एका ठिकाणच्या स्लाइडवर शिकलेले सॉफ्टवेअर दुसरीकडे चुकू शकते. म्हणून ते आपल्याकडच्या रुग्णांवर पडताळून पाहणे गरजेचे आहे.

तुम्ही काय करावे?

- केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी विचारा: 'एमएमआर तपासले का? रिपोर्ट काय आला?'
- दुसऱ्या हॉस्पिटलला जाताना रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड घेऊन जा. ब्लॉक असेल तर पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ अनेकदा टळते. तो उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका; मेण वितळते.
- घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना सांगा.
- खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.
- रिपोर्टमध्ये एआयचा उल्लेख असेल तर पक्की तपासणी झाली की नाही, हे पॅथॉलॉजिस्टकडून समजून घ्या.

एआयमुळे उद्या लहान गावातल्या लॅबची स्लाइडही लवकर चाळली जाईल आणि ज्यांना गरज आहे त्यांची तपासणी आधी होईल. तोवर औषध ठरवताना आधार घ्यायचा तो पक्क्या रिपोर्टचाच.