औषधांचं ओझं घेऊन सातासमुद्रापार

पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या परदेशवारीचा हिशोब कागदावर मांडला की घरातली सगळीच गप्प होतात. बहुतेक रुग्णांना दिवसातून चार वेळा द्रावणाची दोन-दोन लिटरची पिशवी बदलावी लागते. म्हणजे रोजचे ८ लिटर. मुलीकडे किंवा मुलाकडे तीन आठवडे राहायचं ठरलं तर १६८ लिटर. द्रावण पाण्यासारखंच, तेव्हा वजनही जवळपास तितकेच किलो. शिवाय नळ्या, टोप्या, खोकी वेगळी. अमेरिकेला जाणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला बहुतेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात. म्हणजे ४६ किलो, आणि त्यातच कपडे, चिवडा, नातवंडांचे फ्रॉक.

नागपूरकराची अडचण याच्याही आधी सुरू होते. आखातात जाणारी मोजकी विमानं सोडली तर सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी निघालेला माणूस आधी मुंबईला किंवा दिल्लीला पोहोचतो. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोची एकच बॅग आणि हातात ७ किलो. नागपूर-मुंबई आणि मुंबईपुढचा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर परदेशी विमानाची वजनमर्यादा सहसा पहिल्या टप्प्यालाही लागू होते. दोन तिकिटं वेगवेगळी काढली की मात्र ४६ किलोची तयारी करून निघालेल्या प्रवाशाला सोनेगावच्या काउंटरवरच जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. हजार-दोन हजार रुपये वाचवायला तिकीट तोडणाऱ्या नातेवाईकांना हे आधी सांगायला हवं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हापासून खोकी गाडीत टाकून मुंबई गाठण्याचा पर्यायही आहे. पण मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, बंद डिक्कीत औषधं ठेवून हा प्रवास करू नये.

डायलिसिसच्या रुग्णानं परदेशी जावं ही कल्पना आपल्याकडे अजून अनेकांना धाडसाची वाटते. पण महाराष्ट्रानं हे पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये पॅरोलवर सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं आणि तिथे सुरू झालेलं डायलिसिस ८ ऑक्टोबर १९७९ ला मृत्यू होईपर्यंत चाललं. प्रश्न होता तो पाटण्याला, आपल्या घरी परतण्याचा. आयुष्यभर देश पालथा घातलेल्या माणसानं उरलेले दिवस मुंबईच्या खाटेवर काढायचे का? लोकांनी वर्गणी काढली, नेता येईल असं कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र मिळवलं. इंदिरा गांधींनी पाठवलेले ९० हजार रुपये जयप्रकाशांनी परत केले, हा त्यातला गाजलेला भाग. त्या वर्गणीतून त्यांना घरी जाता आलं, हा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. पुढे १९७७ मध्ये ते उपचारासाठी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला गेले. हे तेच शहर, जिथे १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या रक्तवाहिनीत कायमची बसवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि दीर्घकाळ डायलिसिस करणं जगात प्रथमच शक्य झालं.

जयप्रकाशांसाठी सगळा देश धावला. आजच्या सामान्य रुग्णाला तेवढ्या धावपळीची गरज नाही, पण तयारीची आहे.

या तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे द्रावण न्यायचंच नाही, तिथे मागवायचं. डायलिसिसची द्रावणं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अनेक देशांत आहेत, आणि प्रवासाला निघालेल्या रुग्णाचा माल मुक्कामाच्या पत्त्यावर पोहोचवण्याची त्यांची व्यवस्था असते. नेफ्रॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन, मुक्कामाच्या तारखा आणि तिथला पत्ता एवढं त्यांना लागतं. मात्र दोन-तीन महिने आधी कळवावं लागतं, आणि कोणत्या देशात ही सोय आहे, खर्च कोणी भरायचा, हे लेखी विचारून घ्यावं लागतं. इथे एक बारीक पण जीवघेणी गोष्ट आहे. रुग्णाच्या पोटातून बाहेर आलेल्या नळीच्या टोकाला जो जोड असतो, तो एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या पिशवीला बसत नाही. न्यू जर्सीच्या घरात खोकी वेळेवर पोहोचली, पण जोडच बसेना, तर ती खोकी असून नसल्यासारखी. म्हणून ऑर्डरमध्ये कंपनीचं नाव, पिशवीचा प्रकार आणि ग्लुकोजचं प्रमाण, म्हणजे १.५, २.५ की ४.२५ टक्के, स्पष्ट लिहावं लागतं. सोबत न्यायचं ते वाटेतल्या दोन-तीन दिवसांपुरतं, आणि माल उशिरा पोहोचला तर हाताशी असावं म्हणून थोडं जास्त.

वाटेतलं एक्स्चेंज, म्हणजे पिशवी बदलणं, ही वेगळीच कसरत आहे. नागपूरच्या घरात हे शिकवताना नर्स आधी पंखा आणि कूलर बंद करायला लावते, कारण वाऱ्यासोबत येणारा एखादा जंतू नळीतून थेट पोटात गेला तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा संसर्ग, होतो. मग मास्क, मग साबणानं कोपरापर्यंत हात धुणं, मग खांद्याच्या वर हुकाला टांगलेली, अंगाइतकी कोमट केलेली पिशवी. जुनं द्रावण खालच्या पिशवीत, नवं वरून पोटात, शेवटी नवी टोपी. अर्धा-पाऊण तास. दोहा किंवा दुबईच्या विमानतळावर हे कुठे करायचं? मोठ्या विमानतळांवर वैद्यकीय कक्ष असतो. आधी कळवलं तर तिथली एखादी खोली मिळू शकते. काही रुग्णांना डॉक्टर प्रवासाच्या दिवशीच्या वेळा पुढे-मागे करून देतात, जेणेकरून घरून निघण्याआधी एक आणि पोहोचल्यावर एक असं जमेल. हे ठरवायचं डॉक्टरांनी, प्रवाशानं परस्पर नाही.

रक्ताच्या डायलिसिसवर असलेल्यांचं ओझं कमी, पण त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा तिथल्या केंद्रात खुर्ची लागते. केंद्रं हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात आणि परदेशी पाहुण्याला संपूर्ण दर लावतात. प्रवासविमा आधीपासूनच्या आजारावरचा असा नेहमीचा खर्च सहसा देत नाही. त्या केंद्राचा लेखी होकार हातात येईपर्यंत तिकीट काढू नये.

डायलिसिसइतकं वजनदार नसलं तरी अडचणीचं ठरणारं सामान पुष्कळ घरांत आहे. विदर्भातल्या किती घरांतून आई-वडील सहा-सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जातात! त्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिनची पेनं, सुया, पट्ट्या, कुणाचं झोपेत नाकाला लावायचं सीपॅप मशीन, कुणाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावायच्या स्टोमाच्या पिशव्या. या सामानाची बांधाबांध करताना एक सवय हमखास दिसते. वजन वाचवायला गोळ्यांच्या स्ट्रिप खोक्यांतून काढायच्या, कात्रीनं कापून एका प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबायच्या. औषधाचं नाव, बॅच, मुदत सगळं गेलं, आणि कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर उरला नुसता रंगीबेरंगी गोळ्यांचा ढीग. खोकं ठेवावं, औषधवाल्याचं बिल ठेवावं, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र न्यावं. त्यात ब्रँडच्या नावापुढे औषधाचं मूळ नाव हवं, कारण इथे घराघरांत माहीत असलेली ब्रँडनावं तिथल्या फार्मासिस्टनं ऐकलेलीच नसतात.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्वतःच्या वापरासाठी साधारणपणे तीन महिन्यांपर्यंतचा साठा आणणं मान्य करतं. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पुढच्या तीन महिन्यांची सोय आधीच विचारात घ्यावी लागते: तिथला डॉक्टर गाठणं, किंवा कागदपत्रांसह औषध मागवणं. नुसत्या टपालावर भिस्त ठेवणं किती अवघड आहे हे २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेनं छोट्या पार्सलांची करमाफी बंद करायचं जाहीर केल्यावर भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिथली बहुतेक पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. अंगात रोज औषध जावं लागणाऱ्या माणसाला एवढे दिवस थांबता येत नाही.

देश बदलला की कायदा बदलतो. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि प्रिगॅबालिन ही औषधं नियंत्रित आहेत. आपल्याकडे पाठदुखी, पायांची जळजळ, नसांचं दुखणं यासाठी ती सर्रास लिहून दिली जातात, आणि दुबईतल्या लेकाकडे निघालेल्या वडिलांच्या बॅगेत ती असण्याची शक्यता मोठी. ती न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधीच घ्यावी लागते. जपानमध्ये एक महिन्याहून जास्त दिवसांची प्रिस्क्रिप्शनची औषधं न्यायला आधी मंजुरीचा दाखला काढावा लागतो.

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नये. विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. उलट नागपूरच्या उन्हात ते तापून निकामी होतं. म्हणून थंड ठेवणाऱ्या पाकिटात, हातातल्या बॅगेत, बर्फाला थेट न टेकवता. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या फॅक्टर इंजेक्शनांनाही हाच नियम. हातातल्या सामानातल्या द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा औषधांना सहसा लागू होत नाही, पण तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून दाखवावी लागतात. स्टोमाच्या पिशव्यांची भोकं घरीच मापानं कापून घ्यावीत, कारण कात्री सुरक्षा तपासणीत अडते.

ऑक्सिजनवर असलेल्यांना स्वतःचा सिलिंडर विमानात सहसा नेता येत नाही. विमान कंपनीनं मान्य केलेलं खांद्याला अडकवायचं कॉन्सन्ट्रेटर चालतं. उडत्या विमानातल्या केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतकी विरळ असते. घरी ऑक्सिजनशिवाय भागवणाऱ्या रुग्णालाही वर तो लागू शकतो. बॅटऱ्यांचा नियम कडक आहे: १०० वॉट-अवरपर्यंतच्या हातातल्या सामानात, १०० ते १६० पर्यंतच्या फक्त दोन आणि त्याही कंपनीच्या परवानगीनं, सुटी बॅटरी चेक-इनमध्ये अजिबात नाही.

विरळ हवेचा हाच मुद्दा सिकलसेलच्या रुग्णांना लागू होतो, आणि विदर्भात तो दुर्लक्षून चालणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली ती अशाच भागांसाठी. याच भागातली मुलं-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत जातात. त्यांच्यापैकी कुणाला सिकलसेल असेल तर निघण्याआधी रक्ततज्ज्ञाचा सल्ला, विमानात भरपूर पाणी, अधूनमधून उठून चालणं, आणि गरज असेल तर ऑक्सिजनची आगाऊ मागणी हवी. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त शिकणारा विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पाउंडांचा आरोग्य अधिभार भरतो आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा हक्कदार होतो. वर्षभराच्या हायड्रॉक्सियुरियाचं, म्हणजे सिकलसेलवरच्या औषधाचं, ओझं त्यानं वाहू नये. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांपुरतं औषध, आजाराची पूर्ण फाइल, आणि पोहोचताच डॉक्टरकडे नोंदणी.

वजनाच्या बाबतीत कायदा काही ठिकाणी रुग्णाच्या बाजूचा आहे. अमेरिकेत उतरणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या विमानात, कंपनी कोणत्याही देशाची असली तरी, दिव्यांग प्रवाशाची औषधं आणि ती घेण्याची साधनं हातातल्या सामानाच्या मर्यादेत मोजता येत नाहीत. युरोपीय संघाचा २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम वैद्यकीय उपकरणं आणि त्याशिवाय चलनवलनाची दोन साधनं विनाशुल्क नेऊ देतो, ४८ तास आधी कळवण्याच्या अटीवर. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत दिव्यांगांच्या साहाय्यक साधनांना सवलत आहे. तरीही डायलिसिसच्या द्रावणाचं खोकं त्यात धरलं जातं की नाही, हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर सोडणं धोक्याचं. आजारी माणसानं पहाटे चार वाजता रांगेत उभं राहून हा वाद घालायचा, हे बरोबर नाही. विमान कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर मराठी-हिंदीत ते स्पष्ट लिहायला हवं.

ते होईपर्यंत परदेशातून आई-वडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलांना एवढीच विनंती: तारीख ठरवण्याआधी नागपूरच्या डॉक्टरांशी स्वतः बोला, सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरून सामानाची परवानगी ईमेलवर मागून घ्या, आणि ती छापून आईच्या पर्समध्ये पासपोर्टसोबत ठेवायला सांगा.