टू-स्ट्रोक इंजिनाचा ओसरणारा जोर : कारणे आणि त्यांचा शोध

इतिहासाच्या शिक्षकाने दुचाकीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कार्यापासून मागे जात कारणापर्यंत पोहोचणे हे दोन्ही ठिकाणचे काम एकच आहे, आणि ते घाईने केल्यास दोन्ही ठिकाणी निरपराध्याला शिक्षा होते. आमच्या हातून अशी एक चूक घडली होती. तिची हकीकत आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो ते विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वसतिगृहाच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एकच जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. बाजारहाट, टपाल, तालुक्याची कामे आणि आजारी मुलांना दवाखान्यात नेणे, सारे तिच्यावरच चाले. गावाबाहेरचा चढ ती दोघांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे. पुढे दुसरा गिअर टाकावा लागू लागला. काही महिन्यांनी मागे बसणारा चढाच्या पायथ्याशी आपणहून उतरू लागला. गाडी बिघडली आहे असे मात्र कुणीच म्हटले नाही, कारण गाडीबरोबर आम्हीही थोडे थोडे बदलत गेलो होतो. एका रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन निघालो आणि अर्ध्या चढावर गाडीने ओढणे सोडले. मुलाला खांद्यावर घेऊन आम्ही उरलेला चढ पायी चढलो. मुलगा बरा झाला. पण ती रात्र आम्ही विसरलो नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ‘रिंगा गेल्या असतील’ या अंदाजावर आम्ही सिलिंडर बोअर करून घेतला, नवा पिस्टन बसवला आणि वसतिगृहाच्या तुटपुंज्या शिलकीतले पैसे खर्ची घातले. गाडी पुन्हा त्याच चढावर आली आणि तशीच धापा टाकू लागली. दोष दुसरीकडेच होता. तो कुठे होता हे समजण्यासाठी आधी या इंजिनाची घडण पाहू.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो; टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. त्याच्या हेडमध्ये हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन त्या उघडतो व झाकतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचे मिश्रण खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते. तो खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते आणि जळालेल्या वायूला सायलेन्सरकडे ढकलते. यझदी, राजदूत, १९८५ साली आलेली आरएक्स १०० आणि जुनी चेतक स्कूटर यांची इंजिने मूलतः याच जातीची होती. या इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच जळते. जुन्या गाड्यांत एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ४० ते ५० मिलिलिटर ऑइल मिसळत. जळलेल्या ऑइलची काजळी बाहेर जाण्याच्या वाटेवर बसत राहते. म्हणजे या इंजिनाचा श्वास कोंडण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे.

गाडी अचानक बंद पडली तर कारण बहुधा एका जागी असते : प्लग, पेट्रोल किंवा ठिणगी. जोर महिनोन्‌महिने ओसरत असेल तर मात्र झिजणाऱ्या, साचणाऱ्या किंवा सैल होणाऱ्या गोष्टींकडे पाहावे. शोधाचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा.

पहिला प्रश्न : दोष इंजिनात आहे काय? गाडी स्टँडवर लावून चाके हाताने फिरवावीत. ब्रेक घासत असेल, साखळी अति ताणलेली असेल वा टायरमध्ये हवा कमी असेल, तर दोष उगाच इंजिनाच्या माथी येतो. चढावर ॲक्सिलरेटर पिळताच इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे.

दुसरा प्रश्न : श्वास मोकळा आहे काय? एअर फिल्टर धुळीने बुजला तर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. प्लग काळाकुट्ट होतो आणि पेट्रोलचा खप वाढतो. टाकीच्या झाकणाचे छिद्र किंवा पेट्रोल कॉकची जाळी तुंबली असेल तर गाडी काही अंतर नीट धावते आणि मग गळपटते. सायलेन्सर तुंबल्याची लक्षणे निराळी आहेत. गाडी सहज सुरू होते, मंद गतीला ठीक चालते, पण वरच्या वेगाला जातच नाही. इंजिन फार तापते आणि सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरला तर झोत दुबळा लागतो.

तिसरा प्रश्न : ठिणगी वेळेवर पडते काय? पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. ही फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते आणि फिलर गेजने मोजता येते. प्लगचा रंगही पुरावा म्हणून वाचावा. कॉफीसारखा तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी असल्यास पेट्रोल जास्त आहे. पांढुरका असल्यास कुठूनतरी जास्तीची हवा शिरते आहे.

चौथा आणि शेवटचा प्रश्न : दाब टिकतो काय? किक हाताने हळू दाबून पाहावी. तिला अडणारा जोर लागत नसेल आणि गाडी सकाळी सुरू होण्यास त्रास देत असेल, तरच रिंगांवर संशय घ्यावा. तेव्हाही रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडांतली फट मोजावी. मोजल्यावाचून बोअर करू नये. क्रँकची सीलही तपासावीत, कारण या इंजिनात क्रँककेस हाच पंप आहे. क्लचकडील सील गेले तर गिअरचे ऑइल ओढले जाऊन जळते, धूर वाढतो आणि गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते.

आम्ही या प्रश्नांतल्या शेवटच्यापासून सुरुवात केली होती. पुढे एका वयस्क मिस्त्रीने सायलेन्सरमागे तळहात धरला, एक स्क्रू सोडवला आणि आतली नळी ओढून काढली. तिची छिद्रे काजळीने बुजली होती. हेड आणि सिलिंडर इंजिनातून काढून झाले होते, पण कुणी सायलेन्सरच्या आत डोकावले नव्हते. नळी उघड्यावर जाळून, तारेच्या ब्रशने घासून पुन्हा बसवली. त्याच संध्याकाळी गाडी दोघांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढली.

येथे काही सूचना आवश्यक आहेत. नळी कायमची काढून टाकणे हा उपाय नव्हे. सायलेन्सरकडून परतणारा दाब ताज्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये रोखून धरतो, म्हणून ही नळी इंजिनाच्या श्वासाचाच भाग आहे. सिलिंडरच्या धूर-खिडकीतली काजळी खरवडताना पिस्टन खाली घेऊन पत्र्याऐवजी लाकडी पट्टी वापरावी, म्हणजे चरे पडत नाहीत. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल ठरल्यापेक्षा कमी घालू नये. पिस्टन जाम होतो आणि मग बोअरचा खर्च खरोखरच येतो.

त्या प्रसंगानंतर गाडीच्या किल्लीशेजारी आम्ही एक वही ठेवली. तीत तीनच नोंदी असत : चढ कोणत्या गिअरमध्ये चढला, लिटरला किती किलोमीटर पडले, सकाळी किती किका लागल्या. हळूहळू होणारी घट अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेले डोळ्यांना दिसत नाही. वहीतल्या आकड्यांना मात्र ते दिसते. वर्गात दस्तऐवजांचे महत्त्व सांगताना आम्ही आजही मुलांना ती वही दाखवतो. यंत्राचे ज्ञान ही कुणाची मिरास नाही. वही, फिलर गेज आणि क्रम न सोडण्याची शिस्त असेल तर आपल्या शाळेतला कोणताही विद्यार्थी ते मिळवू शकतो.