आठ हजार चारशे भोकांची कडी

जाड कागदाला टाचणीनं भोक पाडा, चष्मा काढून ते भोक डोळ्याशी अगदी लावून धरा आणि भरपूर उजेडात वर्तमानपत्र वाचून पाहा. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागलेल्यांनाही गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं अशी वाचता येतात. एवढ्याशा भोकातून कडेचे तिरपे किरण आत शिरत नाहीत, डोळ्याच्या पडद्यावर पडणारे ठिपके आक्रसतात आणि स्पष्ट दिसण्याचा पल्ला लांबतो. ही युक्ती जुनीच आहे. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या अ‍ॅक्युफोकस कंपनीनं ते भोक कायमचं डोळ्यातच बसवायचं ठरवलं. त्यासाठी केलेल्या काळ्या कडीचं नाव कामरा.

चाळिशी लागते ती डोळ्यातलं नेत्रभिंग ताठर होत गेल्यामुळे. लहानपणी ते सहज फुगतं आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसते, पंचेचाळिशीनंतर ते स्नायूंचं ऐकेनासं होतं. यात कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक काचेचा, काहीच दोष नसतो. तरीही उपाय तिथंच शोधला गेला. डोळ्याच्या आत न शिरता शस्त्रक्रिया करता येईल अशी जागा तीच, आणि घातलेली वस्तू नको झाली तर काढताही येते, हा मोठाच दिलासा.

मात्र कॉर्निया जिवंत आहे आणि त्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्तवाहिन्या असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. पुढच्या बाजूला प्राणवायू मिळतो तो हवेतून, अश्रूंच्या थरातून. ग्लुकोज मात्र मागच्या पाण्यातून झिरपत झिरपत पुढे येतं. मध्ये अभेद्य वस्तू ठेवली की तिच्या पुढचा भाग उपाशी पडतो. पुढे कोलंबियात बोगोटा इथे स्थायिक झालेले स्पॅनिश नेत्रशल्यविशारद होसे इग्नासिओ बाराकेर यांनी 1949 साली कॉर्नियाच्या थरांत भिंग घालण्याची कल्पना मांडली. सुरुवातीची भिंगं काचेची आणि प्लेक्सिग्लासची होती. त्यांच्या पुढच्या पेशी मेल्या आणि भिंगं बाहेर आली. त्यानंतर या क्षेत्रात उतरलेल्या प्रत्येकाला आधी हा उपासमारीचा प्रश्न सोडवावा लागला आहे.

कामराची मापं अशी: बाहेरचा व्यास 3.8 मिलिमीटर, मधलं भोक 1.6 मिलिमीटर, जाडी पाच-सहा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावं. कडी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लॅस्टिकची असते. मासेमारीच्या गळाच्या काही दोऱ्या आणि शस्त्रक्रियेतले काही टाकेही याच प्लॅस्टिकचे. उजेड अडावा म्हणून त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण मिसळतात, कडी काळी दिसते ती त्यामुळे.

मला खिळवून ठेवलं ते या काळ्या भागानं. त्यावर 8,400 भोकं आहेत. ती पाहण्यासाठी नाहीत, कॉर्नियाला अन्न पोचवण्यासाठी आहेत. आधीची कडी 10 मायक्रॉन जाड होती आणि तिला 25 मायक्रॉनची 1,600 भोकं होती. नव्या कडीत भोकांची संख्या पाचपटीहून वाढली आणि आकार 5 ते 11 मायक्रॉनवर आला. आकडेमोड करून पाहिली तेव्हा यातलं खरं कौशल्य माझ्या ध्यानात आलं. कडीचं क्षेत्रफळ सव्वानऊ चौरस मिलिमीटरच्या आसपास. जुन्या कडीत भोकांनी त्यातला आठ टक्क्यांहून थोडा जास्त भाग व्यापला होता, नव्या कडीत तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. उघडी जागा कमी झाली, म्हणजे नको असलेला उजेडही कमी शिरणार. मग अन्नही कमीच जाणार, असं वाटतं. पण दोन भोकांमधलं अंतर सुमारे 75 मायक्रॉनवरून 33 वर आलं आणि जाडी जवळपास निम्मी झाली. ग्लुकोजच्या कणाला आडवं थोडंच जावं लागतं आणि बोगदाही आखूड. एक गरज भागवताना दुसरीचा बळी न देणारी अशी रचना क्वचितच पाहायला मिळते.

शिवाय ही भोकं रांगेत नाहीत. एकसारख्या अंतरावरच्या भोकांतून जाताना उजेड ठरावीक दिशांना फाकतो आणि दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसू लागतात. म्हणून त्यांची जागा आणि आकार मुद्दाम विस्कटलेले आहेत. मात्र तो विस्कळीतपणाही आधी आखलेला असतो आणि प्रत्येक कडीवर तसाच उमटवावा लागतो. दर चौरस मिलिमीटरला जवळपास 900 भोकं, तीही अशा पडद्यात जो चिमटीत धरला तर चुरगळेल. कारागिरीचं माप दागिन्यावरून काढायची आपली सवय आहे. ही कडी मला त्या तोडीची वाटते.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. कंपनी 2001 साली निघाली. युरोपची मान्यता आधी मिळाली. जपानमध्ये टोकियोच्या शिनागावा लेसिक सेंटरमध्ये ही कडी मोठ्या संख्येनं बसवली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल 2015 मध्ये मंजुरी दिली, ती 45 ते 60 वयाच्या आणि लांबचा चष्मा न लागणाऱ्या लोकांसाठी. कडी एकाच डोळ्यात बसवत, आपण नेम धरताना जो डोळा वापरत नाही त्यात. लेझरनं कॉर्नियात सुमारे 200 मायक्रॉन खोल खिसा करत आणि कडी त्यात सरकवून दृष्टीच्या अक्षावर बरोबर मध्यभागी आणत. ती थोडी जरी सरकली तरी नजर बिघडे.

या मंजुरीसाठीच्या चाचणीत वर्षभरानंतर तपासलेल्या 478 जणांपैकी 83.5 टक्के लोकांना चष्म्याशिवाय जवळचं चांगलं वाचता आलं. आकडा उत्तम आहे. पण त्याच चाचणीतल्या 508 पैकी 44 जणांची कडी तीन वर्षांच्या आत काढावी लागली. कोणाची नजर घसरली, कोणाला अंधारात धूसर दिसू लागलं, कोणाचे डोळे कोरडे पडले.

अर्व्हाइनजवळच्या लेक फॉरेस्टमध्ये रिव्हिजन ऑप्टिक्स कंपनीनं वेगळी वाट धरली होती. त्यांच्या रेनड्रॉपला भोकंच नव्हती. ती 2 मिलिमीटर व्यासाची, 80 टक्के पाणी असलेली मऊ, पारदर्शक चकती होती. पोषण तिच्यातूनच पार होई. ती कॉर्नियाचा मध्य किंचित उचलून जवळचं दिसण्याची सोय करी. 2016 च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली तेव्हा दोन वर्षांचे निकाल कामराहून सरस होते: 92 टक्के. पुढे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे 75 टक्के रुग्णांच्या कॉर्नियात धूसरपणा आढळला, 42 टक्के लोकांत तो अगदी मध्यभागी, म्हणजे नजरेच्या वाटेवरच होता. जिवंत ऊती परक्या वस्तूभोवती डाग तयार करत राहिली होती. कंपनी जानेवारी 2018 मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रशासनानं डॉक्टरांना बजावलं की ही चकती बसवू नका. तोवर ज्यांच्या डोळ्यांत ती बसली होती, त्यांच्या पाठीशी मूळ कंपनी उरली नव्हती. या कहाणीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.

कामरा 2018 मध्ये कॉर्नियाजेन या कंपनीकडे गेली आणि पुढे हळूहळू वापरातून मागे पडली. तिचं तत्त्व मात्र टिकलं. अ‍ॅक्युफोकसनं तसाच काळा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगात घातला. त्या भिंगाला जुलै 2022 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि 2023 च्या सुरुवातीला बॉश अँड लॉम्बनं ती कंपनीच घेतली. नेत्रभिंगाच्या जागी बसणाऱ्या कृत्रिम भिंगापुढे उपाशी राहणारी ऊती नसते, त्यामुळे तिथे हा पडदा अधिक निर्धास्त आहे. इकडे चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी लघुदृष्टीच्या शस्त्रक्रियेत रुग्णांच्या कॉर्नियातून निघणाऱ्या पातळ तुकड्याची 1 मिलिमीटरची चकती दुसऱ्याच्या कॉर्नियात बसवून पाहिली. या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. माणसाचीच ऊती असल्यानं अन्नपाणी तिच्यातून जातं, भोकं पाडावी लागत नाहीत. मला ही दिशा अधिक शहाणपणाची वाटते. पण रेनड्रॉपही दोन वर्षांपर्यंत निर्दोषच वाटत होती, हे विसरून चालणार नाही.

चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर तीन प्रश्न विचारा. पाच वर्षांनंतरचे निकाल काय आहेत? बसवलेल्यांपैकी किती जणांची वस्तू काढावी लागली? आणि कंपनी बंद पडली तर पुढची तपासणी कोण करणार? याची लेखी उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका.